सिसिली: ऊन, पाणी आणि अडीच हजार वर्षांचा इतिहास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिसिली नेमकी केवढी आहे आणि कुठे आहे?

भूमध्य समुद्रातलं हे सगळ्यात मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले की जेवढे होतील साधारण तेवढं. लोकसंख्या ४८ लाखांच्या आसपास. इटलीचा बूट ज्या चेंडूला लाथ मारतो असं नकाशात दिसतं, तो चेंडू म्हणजे सिसिली. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधली मेसिनाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३ किलोमीटर रुंद आहे. दुसऱ्या बाजूला आफ्रिकेचा किनारा साधारण १४५ किलोमीटरवर येतो. बेटाचं दक्षिण टोक ट्युनिस शहरापेक्षाही थोडं दक्षिणेला आहे. ‘युरोपात चाललोय, म्हणजे थंडी असणार’ असं गृहीत धरून जुलैत स्वेटर भरणारे इथेच फसतात.

भूमध्यसागरी हवामान म्हणजे काय? आपल्यापेक्षा वेगळं काय?

आपल्याकडे उन्हाची काहिली संपता संपता पाऊस येतो आणि जूनपासून सगळं हिरवं होतं. सिसिलीत नेमकं उलटं. पाऊस ऑक्टोबर ते मार्च. मे संपला की आकाश कोरडं, आणि जून ते ऑगस्ट डोंगर पिवळे, वाळलेले. बेटाच्या राजधानीत, पालेर्मोत, जुलैचा सरासरी पाऊस १० मिलिमीटरही नाही. डोंगर हिरवेगार बघायचे तर फेब्रुवारी ते एप्रिल.

कारण असं: उन्हाळ्यात उपोष्ण पट्ट्यातला जास्त दाबाचा प्रदेश उत्तरेला सरकून भूमध्य समुद्रावर ठाण मांडतो. हवा वरून खाली उतरते, त्यामुळे ढग बनत नाहीत. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेला सरकला की अटलांटिककडून येणाऱ्या वादळांना वाट मोकळी होते.

परिणाम साधा आहे, पण सगळं त्यावर बेतलेलं आहे. झाडाला उष्णता मिळते तेव्हा पाणी नसतं, आणि पाणी असतं तेव्हा उष्णता नसते. गहू हिवाळ्याच्या पावसावर येतो. ऑलिव्ह आणि द्राक्षवेल खोल मुळांवर उन्हाळा काढतात. लिंबू-संत्र्याला मात्र उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. म्हणून सिसिलीत ‘जमीन कोणाची’ याइतकाच ‘पाणी कोणाचं’ हा प्रश्न जुना आहे.

पाऊस बेटभर सारखाच पडतो का?

नाही. एटना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर वर्षाला १,००० मिलिमीटरच्या वर पडतो, पालेर्मोत ६०० ते ६५० आणि दक्षिणेला जेला-लिकाता किनाऱ्यावर ४०० च्या आसपास. आपल्या देशावरच्या अवर्षणप्रवण तालुक्यांशी तुलना करता येईल असा हा दक्षिण पट्टा.

मग जायचं कधी?

पोहणं हा मुख्य हेतू असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर. समुद्राचं पाणी ऑगस्टमध्ये २६ अंशांपर्यंत तापतं आणि ऑक्टोबरातही २२-२३ अंश असतं, कारण समुद्र सावकाश निवतो. फेब्रुवारीत तेच १५ अंशांवर येतं. प्राचीन अवशेष पाहायचे असतील तर एप्रिल किंवा ऑक्टोबर. दक्षिणेकडच्या अग्रिजेंतोच्या प्राचीन ग्रीक मंदिरांजवळ सावली फारच थोडी, आणि जुलैच्या दुपारी तिथे दोन तास फिरणं म्हणजे हौस नव्हे, शिक्षा. ऑगस्टचा मधला आठवडा टाळाच: १५ तारखेला फेर्रागोस्तोचा सण असतो, सगळी इटली सुट्टीवर असते, आणि खोल्यांचे भाव गगनाला भिडतात.

४८.८ अंशांचा विक्रम खरा आहे?

खरा. ११ ऑगस्ट २०२१ रोजी आग्नेय किनाऱ्यावरच्या सिराकुझा शहराजवळ ४८.८ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. जागतिक हवामान संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये त्याला युरोप खंडाचा विक्रम म्हणून मान्यता दिली. आधीचा विक्रम १९७७ चा, अथेन्सचा, ४८ अंशांचा होता. पण हे रोजचं नाही. किनाऱ्यावरच्या जुलैची नेहमीची दुपार ३० ते ३२ अंशांची असते.

पारा अचानक चढतो त्यामागे बहुतेक वेळा सिरोको वारा असतो. सहाराकडून येणारा हा वारा समुद्रावरून येताना दमट होतो, बेटावर चढून डोंगराच्या पलीकडे उतरताना पुन्हा कोरडा आणि आणखी गरम होतो. त्यामुळे सिरोकोत पालेर्मोचा उत्तर किनारा दक्षिण किनाऱ्यापेक्षाही जास्त भाजतो. आकाश पिवळट होतं, गाड्यांवर लालसर धूळ बसते. जुन्या पालेर्मोच्या श्रीमंत वाड्यांत जमिनीखाली थंड ‘सिरोको खोल्या’ खोदलेल्या असत, त्या याच दिवसांसाठी. वणवेही याच वाऱ्यात पेटतात. वाटेत धूर दिसला तर पुढे दामटू नका, गाडी वळवा.

पाणीटंचाई खरी आहे का? राहायला घर घेताना काय विचारावं?

खरी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात एन्नाजवळचं पेर्गुसा तळं जवळपास कोरडं पडलं होतं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने सिसिलीसाठी दुष्काळी आणीबाणी जाहीर केली होती. अग्रिजेंतो, काल्तानिस्सेत्ता आणि एन्ना या भागांना नेहमीच जास्त झळ बसते. पाऊस कमी हे एक कारण. दुसरं, धरणं गाळाने भरलेली आणि जलवाहिन्या जुन्या. धरणात असलेलं पाणीही नळापर्यंत पुरतं पोचत नाही.

गच्चीवर टाक्यांची रांग दिसली की ओळखीचं वाटेल. घर भाड्याने घेताना तीन गोष्टी विचारा: टाकी आहे का, ती किती लिटरची, आणि पाणी किती दिवसांआड येतं. चार माणसांना १,००० लिटरची टाकी तीन-चार दिवस कशीबशी पुरते. पंप विजेवर असेल तर वीज गेली की पाणीही गेलं, हेही लक्षात ठेवा.

एटना बघायला जाणं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर हो. एटनाची उंची सुमारे ३,४०० मीटर, पण ती सतत बदलते, कारण शिखरावरची विवरं उद्रेकांत वाढतात आणि ढासळतात. दक्षिण बाजूने, पायथ्याच्या कातानिया शहराहून रिफुजो सापिएन्झापर्यंत (सुमारे १,९०० मीटर) गाडीने जाता येतं. तिथून रोपवे २,५०० मीटरपर्यंत नेतो. त्यापुढे परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच, आणि किती उंचीपर्यंत सोडायचं हे त्या त्या दिवसांत ज्वालामुखी कसा वागतोय त्यावर ठरतं. २ जून २०२५ रोजी एका विवराचा भाग कोसळून गरम वायू आणि राखेचा लोट उतारावरून खाली आला, तेव्हा वर पर्यटक होते. कसलीही पूर्वसूचना नसताना असं होऊ शकतं, म्हणून कुंपण ओलांडून फोटो काढण्याच्या फंदात पडू नका.

कपड्यांचा हिशेब असा: दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. खाली कातानियात ३२ अंश असताना २,५०० मीटरवर १६ अंश, वर झोंबरा वारा. बंद बूट हवेतच. लाव्ह्याची खडी धारदार असते, चपलेतून पाय सोलवटतात.

राख पडली तर?

राख म्हणजे लाकडाची राख नव्हे. ती बारीक चुरलेला दगड असते. वाळलेल्या काचेवर वायपर फिरवला की ओरखडे कायमचे. आधी भरपूर पाणी ओतून धुवून काढा. रस्त्यावर साचली की चाकं घसरतात, म्हणून अशा दिवसांत दुचाकींवर बंदी आणि वेगमर्यादा घालतात. कातानियाचा विमानतळ तासन्‌तास बंद राहतो आणि विमानं कोमिझो, पालेर्मो किंवा त्रापानीला वळवतात. परतीचं विमान कातानियाहून असेल आणि पुढचं दुसरीकडून असेल, तर मध्ये किमान एक रात्र हाताशी ठेवा.

तरीही लोक त्याच्या पायथ्याशी का राहतात?

मातीसाठी. एटनाचा दगड बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच गोतावळा. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला कालपरवाचा, एवढाच फरक. झिजला की खनिजांनी भरलेली, पाणी मुरवणारी माती होते. ब्रोंतेचा पिस्ता, उतारावरच्या द्राक्षबागा, पायथ्याची लिंबं, सगळी याच मातीवर.

किंमतही मोजलेली आहे. १६६९ च्या उद्रेकात लाव्हा कातानिया शहरात घुसला आणि किनाऱ्यावरच्या उर्सिनो किल्ल्याला वेढा घालून समुद्रात उतरला. तेव्हा समुद्राकाठी असलेला तो किल्ला आज शहराच्या आत आहे. त्याच वर्षी काही कातानियाकरांनी ओली कातडी पांघरून लाव्ह्याच्या प्रवाहाची कड फोडली, पण वळलेला प्रवाह पातेर्नो गावाच्या दिशेने जाईल म्हणून तिथले लोक हत्यारं घेऊन धावून आले आणि काम थांबलं. १९९२ मध्ये झाफेराना एत्नेआ गाव वाचवताना प्रवाह सुरुंग लावून वळवला, आणि तो डाव जमला.

लाल संत्री लाल का असतात? नागपुरी संत्र्यासारखी लागतात का?

नाही, आणि ही तुलना मुळातच चुकते. नागपुरी संत्रं ढिल्या सालीचं मँडरीन आहे. सिसिलीतलं संत्रं आपल्या मोसंबीच्या जातकुळीतलं, घट्ट सालीचं. त्यातल्या तारोक्को, मोरो आणि सांग्विनेल्लो या तीन जातींच्या गरात अँथोसायनिन हा लाल-जांभळा रंग तयार होतो. तो तयार करणारं जनुक थंडीत जागं होतं. दिवस ऊबदार आणि रात्री गार, असा फरक कातानियाच्या मैदानात आणि लेन्तिनी परिसरात हिवाळ्यात मिळतो. ज्या वर्षी डिसेंबर उबदार जातो त्या वर्षी फळ गोड होतं, पण आतून फिकं राहतं. मोरो सर्वांत गडद, डिसेंबरपासून येतो. तारोक्को वसंतापर्यंत मिळतो.

बागाइतदारांसाठी एक गोष्ट. तिथल्या जुन्या बागा कडू संत्र्याच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या मुळाकडच्या झाडावर, होत्या. या खुंटावर डोळा भरलेल्या झाडांना त्रिस्तेझा विषाणू मारतो, त्यामुळे गेल्या वीसेक वर्षांत हजारो झाडं उपटून सिट्रेंज या संकरित खुंटावर नवी लावावी लागली. आपल्याकडे जंबेरी आणि रंगपूर लाइमवर चर्चा चालते, तशीच तिथे यावर चालते.

‘ताण’ देण्याची पद्धत तिथेही आहे म्हणतात?

आहे, आणि मृग बहार धरणाऱ्यांना ती लगेच कळेल. लिंबाच्या झाडाचं पाणी जूनमध्ये तोडतात. महिना-सव्वा महिना पाणी नाही; पानं मलूल होऊन गुंडाळायला लागली की ताण बसला. मग जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये भरपूर पाणी आणि नत्र देतात. झाड दचकल्यासारखं फुलतं, आणि त्या फुलांची हिरवट सालीची लिंबं पुढच्या उन्हाळ्यात मिळतात, बाजारात दुसरी नसतात तेव्हा. त्यांना ‘व्हेर्देल्ली’ म्हणतात. चूक होते ती दोन टोकांना: ताण कमी पडला तर फुलं येतच नाहीत, जास्त झाला तर पानगळ होऊन फांद्या वाळतात. दरवर्षी हेच केलं तर झाड लवकर म्हातारं होतं.

एवढ्या राजवटी आल्या, सगळ्या लक्षात कशा ठेवायच्या?

सिराकुझाच्या कॅथेड्रलजवळ उभे राहा, बहुतेक इतिहास भिंतीतच सापडतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं अथेनाचं ग्रीक मंदिर पुढे चर्च झालं, अरबांच्या काळात मशीद, मग पुन्हा चर्च. बाहेरच्या भिंतीत मूळ डोरिक खांब जसेच्या तसे चिणलेले दिसतात, आणि त्यातले काही भूकंपाने कललेलेही आहेत.

ठळक टप्पे असे. ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ७३४ च्या सुमारास नाक्सोस आणि लगोलग सिराकुझा वसवलं. आर्किमिडीज इथलाच; इसवी सनापूर्वी २१२ मध्ये रोमनांनी शहर जिंकलं तेव्हा तो मारला गेला. त्याआधी २४१ मध्येच बेटाचा बराच भाग रोमचा पहिला प्रांत झाला होता. रोमने इथे गहूच गहू पिकवला, गुलामांच्या घामावर, आणि गुलामांचे दोन मोठे उठावही इथेच झाले. ८२७ मध्ये अरब माझाराला उतरले, ८३१ मध्ये पालेर्मो घेतलं. १०६१ ते १०९१ या तीस वर्षांत नॉर्मनांनी बेट जिंकलं. ११३० च्या नाताळात दुसऱ्या रॉजरचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच्या दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत कागद निघत. १२८२ मध्ये पालेर्मोत फ्रेंचांविरुद्ध उठाव होऊन अरागॉनची, पुढे स्पेनची सत्ता आली. ११ मे १८६० रोजी गारिबाल्डी सुमारे हजार माणसं घेऊन मार्सालाला उतरला आणि बेट एकसंध इटलीत गेलं. १९४३ च्या जुलैत दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं. १५ मे १९४६ पासून सिसिलीला खास स्वायत्तता आहे.

अरबांचं आज काय उरलंय?

इमारती फारशा नाहीत. पालेर्मोत ‘अरबी’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक नॉर्मन राजांनी अरबी कारागिरांकडून करून घेतलेलं आहे. उरलं ते पाणी आणि शब्द.

बागेतल्या दगडी हौदाला सिसिलीत ‘जेब्बिया’ म्हणतात, पाटाला ‘साया’, लिंबू-संत्र्याच्या फुलांना ‘झागारा’. तिन्ही शब्द अरबी. पालेर्मोखाली कनात नावाचे हलक्या उताराचे बोगदे आहेत. डोंगरातलं पाणी ते पंपाशिवाय शहरात आणत. उघड्या पाटापेक्षा भुयार का? कारण ऊन. उघडं पाणी वाटेतच उडून जातं.

गावांची नावं मराठी कानाला ओळखीची वाटतात, आणि ते नुसतं वाटणं नाही. काल्ताजिरोने, काल्तानिस्सेत्ता यांतला ‘काल्ता’ म्हणजे अरबी ‘कलआ’, ज्यापासून आपला ‘किल्ला’ आला. पालेर्मोजवळचं मिसिलमेरी म्हणजे ‘मंझिल अल-अमीर’, अमिराचा मुक्काम. हाच ‘मंझिल’ आपल्या ‘मजल दरमजल’मध्ये आहे. एटनाचं जुनं नाव मोंजिबेल्लो: लॅटिन ‘मोन्स’ आणि अरबी ‘जबल’, दोन्हींचा अर्थ डोंगर. उलट्या दिशेनेही माल गेला. संस्कृत ‘नारंग’ फारसी-अरबीतून जाऊन इटालियन ‘आरांचा’ झाला, आणि ‘शर्करा’ची झाली ‘झुक्केरो’. दोन्ही पिकं सिसिलीत अरबांनीच रुजवली. संत्रं मात्र तेव्हाचं कडू होतं, गोड नंतर आलं.

गंमत अशी की निवडुंगाच्या फळाला सिसिलीत ‘भारतीय अंजीर’ म्हणतात, आणि ते मुळात मेक्सिकोचं आहे.

नोटो आणि आसपासची शहरं एकसारखी का दिसतात?

११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने आग्नेय सिसिली जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा सुमारे ६०,००० धरला जातो. नोटो जुन्या जागी न बांधता काही किलोमीटर दूर नव्याने वसवलं, सगळं एका काळात, एका शैलीत, मधाच्या रंगाच्या चुनखडीत. हा दगड कोरायला सोपा, म्हणून नक्षी ओसंडून वाहते. पण मऊ असल्याने पाऊस-वाऱ्यात झिजतो. १३ मार्च १९९६ रोजी तिथल्या कॅथेड्रलचा घुमट कोसळला. खांबांच्या आत नुसता गोटे-चुन्याचा भराव होता, विसाव्या शतकात वर जड काँक्रीटचं छत चढवलं होतं, आणि १९९० च्या भूकंपाने भेगा पडल्या होत्या. पुन्हा उघडायला २००७ उजाडलं.

माफियाचा उगम लिंबाच्या बागांत झाला, हे खरं का?

एकमेव कारण नाही, पण अभ्यासक ते गांभीर्याने घेतात. एकोणिसाव्या शतकात लिंबाला परदेशात सोन्याचा भाव होता. पालेर्मोभोवतीच्या बागांत गुंतवणूक मोठी, फळ चोरायला सोपं, आणि पोलिस यंत्रणा नावापुरती. राखणदार ठेवावा लागे. पाण्याची पाळी वाटणारा माणूसही त्यातलाच. ऑगस्टमध्ये दोन पाळ्या चुकवल्या की बाग वाळली. ‘संरक्षण’ विकायला याहून सोयीचा धंदा कोणता? आज पर्यटकाला याचा त्रास होत नाही. मात्र गमतीच्या माफिया-टीशर्टवरून स्थानिकांशी विनोद करू नका. १९९२ मध्ये माफियाशी लढणारे न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांची स्फोटात हत्या झाली, आणि पालेर्मोच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

त्रापानीची मिठागरं कधी बघावी?

जुलै ते सप्टेंबर, मीठ ओढण्याचं काम चालू असताना. समुद्राचं पाणी मोठ्या बाहेरच्या खणात घेतात आणि एकेक खण पुढे सरकवत दाट करत नेतात. पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या बोमे मापावर समुद्राचं पाणी साधारण साडेतीन अंश असतं. वाटेत आधी जिप्सम बसतं, मीठ २५-२६ अंशांना बसू लागतं. २९-३० च्या पुढे गेलं की मॅग्नेशियमचे क्षार येऊन मीठ कडवट होतं, म्हणून तो द्राव वेळेत काढून टाकतात. ऑगस्टात अवेळी एक सर आली तरी आठवड्यांची मेहनत विरघळते. काढलेल्या ढिगांवर मातीची कौलं रचतात. त्यावरून पाणी निथळतं, आत हवा खेळती राहते. कोकणातल्या मिठागरावर काम पाहिलेल्या माणसाला वेगळ्या दिसतात त्या फक्त पवनचक्क्या.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

चांगली होते, पण तीन ठिकाणी जपा. कान्नोली या गोड पदार्थाच्या कुरकुरीत नळीत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. ‘लोण्याचा’ आरांचीनो (भाताचा तळलेला गोळा) म्हणतात त्यात बहुधा हॅम असतं. आणि पुष्कळ चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध फाडणारं विकर) असतं. बिनधास्त खा: वांग्याची पास्ता आल्ला नोर्मा, वांग्याचीच आंबटगोड भाजी कापोनाता, सकाळी बर्फाळ ग्रानिता.

आणि पानेल्ले. पाटवडीचा सख्खा भाऊ. ५०० ग्रॅम हरभऱ्याचं पीठ दीड लिटर *थंड* पाण्यात कालवा. गरम पाण्यात घातलं तर गुठळ्या मोडत नाहीत. मीठ घालून मध्यम आचेवर सतत घोटा, २०-२५ मिनिटांनी गोळा कडा सोडतो. पार्सली घालून लगेच ताटाच्या पाठीवर अर्धा सेंटिमीटर जाड थापा. उशीर केला तर पीठ आवळतं आणि थर फाटतो. गार झाल्यावर कापून कडकडीत तेलात तळा; तेल कोमट असेल तर पानेल्ले तेल पितात. फोडणी नाही, हळद नाही. तिळाच्या पावात घालून वर लिंबू.

गाडी घ्यावी की रेल्वे-बस?

गावागावांत फिरायचं तर गाडी. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो इथूनच आरटीओतून काढून न्या. जुन्या शहरभागांत ‘झेडटीएल’ची (मर्यादित वाहनप्रवेशाची) पाटी आणि कॅमेरा असतो, परवानगीशिवाय आत शिरलात तर दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते. पालेर्मो–कातानिया रेल्वेने तीनेक तास लागतात, दक्षिणेला बस बरी. रविवारी दोन्ही तुरळक.

रेल्वे जहाजावर चढते म्हणतात, ते काय?

रोम किंवा मिलानहून येणारी लांब पल्ल्याची गाडी मुख्य भूमीवर व्हिला सान जोव्हान्नीला थांबते. तिचे तुकडे करतात आणि डबे जहाजाच्या पोटात, तिथे टाकलेल्या रुळांवर ढकलतात. प्रवाशांना डब्यात बसून राहता येतं किंवा जिना चढून डेकवर जाता येतं. प्रत्यक्ष समुद्र अर्ध्या तासात ओलांडतो. डबे तोडणं-जोडणं धरून दीड-दोन तास जातात. मग सामुद्रधुनीवर पूल का नाही? त्याचा आराखडा एकाच ३,३०० मीटरच्या गाळ्याचा (दोन खांबांमधल्या अंतराचा) आहे, आणि सध्याचा जगातला सर्वांत लांब गाळा २,०२३ मीटरचा. शिवाय जागा तीच, जिथे २८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे भूकंप आणि त्सुनामीने मेसिना उद्ध्वस्त झालं. डेकवर जाणार असाल तर डब्याचा क्रमांक लिहून ठेवा. परत खाली उतरल्यावर चार रांगांतली आपली गाडी कोणती, हे ओळखू येत नाही.